बिनआवाजाचं मशीन

धार लावायला दिलेली कात्री न्यायला आलेली केस कापणारी बाई सलून आणि टॅटूच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभी होती. तिच्यापुढे टॅटू काढणारे एक काका आणि त्यांची पुतणी नवं, छोट्या मोटरवर सुई चालवणारं रोटरी मशीन पारखत होते.

"हे सुरूच होत नाही."

"सुरू आहे, काका."

"मग आवाज कुठंय? जुनं कसं भुंग्यासारखं गुणगुणायचं!"

"हेही गुणगुणतंय. बोट लावून बघा."

"अरेच्चा, थरथरतंय की."

"बारीक रेषेला हेच बरं. हलकं आहे, मनगट भरून येत नाही."

काकांनी मशीन कानाशी धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मला नीट ऐकू येत नाही, हे तुला कधी कळलं?"

"मागच्या वर्षी. गिऱ्हाईक 'थांबा, दुखतंय' म्हणालं आणि तुम्ही रेष पुरी केलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दोनदा."

बाईनं हातातली पावती पुन्हा एकदा वाचली.

"आता रेषा कोण ओढणार?"

"तुम्हीच. माझा हात अजून तेवढा बसलेला नाही. मी गिऱ्हाइकाशेजारी बसेन. ते थांबा म्हणालं, की तुमच्या खांद्यावर हात ठेवेन."

"जोरात ठेव."

"ठेवेन."

"हेच द्या," काका दुकानदाराला केवढ्यातरी मोठ्यानं म्हणाले, आणि अख्ख्या रांगेनं दचकून वर पाहिलं.