दगडी चर्चचे छत आणि चनबसप्पा

जबाब

मी, ईरम्मा चनबसप्पा कलशेट्टी, वय ६६ वर्षे, धंदा घरकाम व कडक भाकरी, शेंगाचटणी विक्री, रा. दगडी चर्चच्या मागील बोळ, सोलापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती चनबसप्पा यांच्यासह राहते. आम्ही लिंगायत आहोत. माझे पती एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची बॉडी बांधण्याच्या कामावर होते, आता सेवानिवृत्त आहेत. दगडी चर्चचे पाळक अनिलकुमार लोंढे यांनी आमिष दाखवून माझ्या पतींना बाटवले, अशी तक्रार आमचा पुतण्या शरणबसव याने दिली आहे. त्याबाबत मला विचारण्यात आले.

माझ्या पतींचा जबाब आधी झाला. त्यात ते "छत बघायला जातो" एवढेच बोलले, असे साहेबांनी मला सांगितले. ते घरीही एवढेच बोलतात. त्यात लपवाछपवी नाही, तो त्यांचा स्वभाव आहे.

दिवाळीनंतर ते रोज सकाळी अंघोळ, पूजा आटोपून बाहेर जाऊ लागले. कुठे जाता विचारले की "हितंच" म्हणत. पुढे माझा वेणीफणीचा आरसा सकाळी जागेवर सापडेना आणि दुपारी परत दिसे. या वयात माणूस आरसा घेऊन कुठे जातो, ते मला कळेना. माझ्या मनात भलते काही आले नाही असे म्हटले, तर ते खोटे होईल. म्हणून एके दिवशी भाकरीचे पीठ तसेच झाकून मी त्यांच्या मागे गेले. ते चर्चमध्ये शिरले.

लग्न होऊन आल्यापासून आमच्या परसातून त्या चर्चचा मनोरा दिसतो. नाताळात तिकडून करंज्या येतात, भोगीला आमच्याकडून तीळ लावलेल्या भाकरी जातात. शनिवारी त्यांच्या भजनांचा सराव पेटी-तबल्यासह चालतो, त्यातली दोन भजने मला पाठ आहेत. पण आत मी कधी पाऊल टाकले नव्हते. कोणी नको म्हटले नव्हते, मीच कधी विचारले नव्हते.

आत माझे पती बाकावर बसून, आरसा मांडीवर धरून त्यात पाहत होते. मी म्हणाले, "अहो, ही काय तऱ्हा?" ते म्हणाले, "वर बघून मान दुखती की. आरशात समदं छत खाली येतंय. हे बघ, मधी एक खांब न्हाय. एवढी लाकडं कशाच्या जिवावर उभी हायती?" मी म्हणाले, "पडली की कळंल." मग मीही आरशात पाहिले. पालथ्या घातलेल्या बैलगाडीसारखे ते छत दिसत होते. खिडक्या उंच आणि वर निमुळत्या, नमस्काराला हात जोडावेत तशा. समोरच्या भिंतीत निळ्या-तांबड्या काचांची एक गोल खिडकी, तिचे ऊन फरशीवर सरकत होते. मला ते फार आवडले. दुसऱ्या दिवशी पतींनी बोलावले नाही तरी मी गेले.

पाळकसाहेब भेटले तेव्हा आम्ही उठू लागलो. ते म्हणाले, "बसा की काका. उपासना नसंल तवा कवाबी या." खिडक्यांना वर टोक का, असे मी त्यांना विचारले. दोन्ही बाजू एकमेकींना रेटून धरतात, भार भिंतींतून खाली जातो, म्हणून कमान उंच नेता येते, असे त्यांनी सांगितले. माझ्या पतींनी आणखी पुष्कळ विचारले. थोड्यांची उत्तरे पाळकसाहेबांना आली, बाकीच्यांना "बघून सांगतो" म्हणाले. धर्माबद्दल त्यांनी आम्हाला काही विचारले नाही. विचारले असेल तर मीच त्यांना.

आम्ही लोक गळ्यात इष्टलिंग घालतो. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर लावतो. गेल्या गुरुवारी गोल खिडकीचे निळे ऊन नेमके आमच्या बाकांवर आले. तेव्हा माझ्या पतींनी चांदीच्या डबीतून लिंग काढून त्या उन्हात धरले. मी म्हणाले, "अहो, घर सोडून हितं?" ते म्हणाले, "मी जाईन तितं ते संगं येतंय की. निळ्या उजेडात कसं दिसतंय, बघू दे." पाळकसाहेबांनाही पाहायचे होते. त्यांनी आधी बूट काढून ठेवले आणि शेजारी उभे राहून वाकून पाहिले. हात लावला नाही.

शरणबसवने दारातून मोबाईलवर फोटो काढला तो याच वेळी. तो पाठीमागून आहे. त्यात मान खाली घातलेले माझे पती आणि वाकलेले पाळकसाहेब एवढेच दिसतात. "काका बाटले" असे लिहून त्याने तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या मुलीची सोयरीक अक्कलकोटला जमत आहे, ती मोडेल या धास्तीने त्याने हे केले. पोर वाईट नाही, भित्रे आहे. पण त्याच्या भीतीपायी पाळकसाहेब सकाळपासून ठाण्यात बाहेर बसून आहेत, याचा मला संताप येतो.

तो फोटो आज मला दाखवण्यात आला. त्यात पलीकडच्या बाकाच्या कडेला दोन पावले दिसतात. ती माझी आहेत. मी बाकावर आडवी पडून छत पाहत होते, म्हणून बाकी अंग फोटोत आले नाही. माझी जोडवी साहेबांनी फोटोशी ताडून पाहावीत. परक्या पुरुषादेखत बाईमाणूस असे आडवे पडले, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे होते. पण वरील सर्व प्रकार मी तिथूनच डोळ्यांनी पाहिला आहे.

पाळकसाहेबांनी काही आमिष दाखवले काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय. छताच्या वरच्या बाजूला नेऊन लाकडांचे सांधे दाखवतो, असे त्यांनी कबूल केले आहे. माझे पती त्याला भुलले. मीही भुलले. ते अजून पदरात पडलेले नाही. उद्या रविवार आहे, त्यांची उपासना आहे, तरी त्यांना आजच घरी जाऊ द्यावे.

जबाब चालू असताना शरणबसव दारात उभा होता. पावलांचे ऐकून तो आत आला, फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "काकू, पुसून टाकतो." मी त्यास म्हणाले, "पुसू नगंस. जितं टाकलास तितंच लिही, काकाच्या हातात लिंग हाय आन् ती पावलं काकूची हायती."

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच आणि तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.

(सही)
ईरम्मा चनबसप्पा कलशेट्टी