अण्णांचे डझनभर दाते

प्लॅनिंगचं मला सांगू नका राव! आमच्या हुमनाबादच्या वर्कशॉपात कॉम्प्युटर बसवला. कोणतं काम कोणत्या मशीनवर आधी, ते तोच ठरवायचा. नियम एकच, लहान काम आधी.

निर्णा गावच्या अण्णांना मळणी मशीनचे डझनभर नवे दाते पाहिजे होते. त्यांचं काम रोज मागंच पडायचं, अन् तिकडं शेतात तूर वाळून तडकायलती.

"आमचं कामून हुईना?"

"अण्णा, तुमचं काम मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी दारात रांग लागलेली. अण्णा, अक्का, भाऊ, भावजया, जावई, प्रत्येकाच्या हातात एकेक झिजलेला दाता.

अण्णा म्हणले, "आम्ही समदी येगयेगळी गिऱ्हाइकं. घाला कॉम्प्युटरात."

कॉम्प्युटरनं मुकाट्यानं सगळ्यांना पुढं घेतलं!

जाताना अक्का म्हणल्या, "शेजारचे उद्या यायलेत. त्यांचं घर आमच्याहून मोठं हाय."