लाल ठिपका पलीकडच्यांचा

...आणि वर येणारे-जाणारे मला विचारतात, तोंड का पाडलंयस! पाडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, पीएचडी करायचीच असेल तर एका विषयात करा. माझी दोन विषयांत. अलीकडच्या इमारतीत मॅडमच्या हाताखाली काचेच्या बशांमध्ये पेशी वाढवायच्या, पलीकडच्या इमारतीत सरांच्या कॉम्प्युटरला त्या बशांचे फोटो दाखवून शिकवायचं, की बाबा रे, ही बशी निरोगी, ही आजारी. मॅडम आणि सर एकमेकांशी बोलत नाहीत. मधला दुवा मी! मॅडमनी कॉम्प्युटरचं काही विचारलं की मी म्हणायचो, ते पलीकडच्यांचं. सरांनी पेशींचं विचारलं की तेही पलीकडच्यांचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, मी दोन्हीकडे पोटभर जेवत होतो.

आणि निकाल कसला... शंभरात शंभर! कॉम्प्युटर चुकतच नाही. आईने लगेच मावशीला कळवलं, आमचा मुलगा आता आजार नुसत्या फोटोवरून पकडतो.

आज परीक्षण. दोघं पहिल्यांदाच एका टेबलाशी. मॅडम सहज म्हणाल्या, कपाटातली एखादी जुनी, धुऊन ठेवलेली रिकामी बशी दाखव बरं त्याला. मी ऐटीत दाखवली. आत पेशी नाहीत, काही नाही... कॉम्प्युटर म्हणतो, आजारी!

सर पुढे वाकले. "काठावर हा लाल ठिपका कसला?"

आता काय सांगू तुम्हाला! आजारी बशा निरोगी बशांत मिसळू नयेत म्हणून मीच पेनाने ठिपके दिलेले. इतकी वर्षं तो मेला पेशींकडे बघतच नव्हता हो, ठिपका बघत होता! बरं, चूक कुणाचीही होते, त्याची एवढी लाज नाही. पण हात माझा, पेन माझं, आणि तोंडातून काय निघावं?

"ते... पलीकडच्यांचं."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी मॅडमकडे. मग दोघांनी एकदमच विचारलं, "पलीकडचे म्हणजे कोण?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदवीचं काय होणार, आईला काय सांगणार! मला म्हणाले, जरा बाहेर बस. तेव्हापासून या बाकावर बसलोय. आत दोन कप चहा गेला, गप्पा रंगल्यात, मॅडम हसल्यासुद्धा. दोन विषय अखेर एकत्र आले म्हणायचे. दोघंही अलीकडे... पलीकडचा तेवढा मी उरलो.