मास्तरची अर्धी धून

कनेरगाव नाक्यावर बसची वाट बघता बघता सपनाचे कान मागच्या बाकाकडं लागले. बँडपार्टीतला म्हातारा ट्रंपेटवाला नव्या सोबत्याशी बोलत होता.

"आपल्या बँडच्या मास्तरनं ती धून नाचासाठी न्हाई, बसून ऐकायसाठी बांधली होती."

"मंग लग्नात काहून वाजवता, काका?"

"बँडला दुसरं कोन बोलावतं? मधी सगळी वाद्यं घडीभर थांबतात. तेवढ्यात पब्लिक वरडतं, आता नाचायचं लावा! पुढचा भाग राहूनच जातो."

"कवाच न्हाई वाजला?"

"मास्तर गेले तवा त्यायच्या दारात धून सुरू केली. मधी थांबलो. कुनी हूं की चूं केलं न्हाई. सगळे पुढचं ऐकायला थांबून राहिले."

"मंग वाजवला की!"

"कसा वाजवावा? पुढचा भाग निस्ता खुशीचा हाय, अन् समोर मयत. आमीच वाद्यं खाली ठेवली."

"मास्तरला चाललं असतं, काका."

"व्हय. आता वाटून राहिलं."