नकाराचं बटण

मुकुंदवाडी स्टेशनात माझ्या शेजारी बाप-लेक येऊन बसले. बॅग लेकीची, लॅपटॉप बापाच्या मांडीवर.

"अप्पा, तुमचे सगळे पासवर्ड आता या एका तिजोरीत आहेत. स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या."

"बरं केलं. आन् तिजोरीची किल्ली?"

"एकच मोठा पासवर्ड. तो फक्त तुमच्या डोक्यात ठेवायचा. मलाबी सांगायचा नाय."

"आन् मी गेल्यावर कोण उघडंल?"

"काहीबी बोलता!"

"आता घरात एकटाच हाय माय मी. विचारायला नको?"

"त्याची सोय केलीय. तिथं माझं नाव टाकलंय. मी तिकडून तिजोरी मागितली, की तुम्हाला मेसेज येईल. तुम्ही 'नकार' दाबला, की ती बंदच राहते."

"आन् नाय दाबला तर?"

"थोडे दिवस वाट बघते, अन् मग माझ्याकडं उघडते."

"म्हंजे मी हाय तवर नाय म्हणायचं."

"व्हय."

"मग तू रोज मागत जा."

"रोज कशाला, अप्पा? फोन करीनच की मी."

"फोनवर तू दमलेली असती. तरी माझ्यासाठी बोलत बसती. त्यापेक्षा हे बरं. तू नुसतं माग. मी सकाळी चहा ठेवला, की नाय म्हणतो."

गाडी लागली, तशी लेक उठली.

"अप्पा, चष्मा लॅपटॉपपाशीच ठेवत जा."

"ठेवतो. पोचली की माग."

"गाडीतूनच मागते."