आनंदीबाई माणूस नाहीत

नाही, पण मला एक सांगा, एकाहत्तर वर्षांच्या बाईला असं कुणी विचारतं का, की बाई, तुम्ही माणूस आहात का? विचारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं हो, ह्यांनी विचारलंही नाही, परस्पर निकाल देऊन मोकळे! सकाळी आई टॅब घेऊन माझ्या उशाशी उभी, "विक्रम, ऊठ, ह्ये लाल काय आलंय बघ," आणि मी डोळे चोळत वाचतो तर काय... आपले वर्तन मानवी वाटत नाही, आपले खाते थांबवण्यात आले आहे, चौदा दिवसांत ते कायमचे पुसले जाईल! इंग्रजीत हं सगळं, गोड इंग्रजीत, आणि खाली एक हसरं गाजर! गाजर हसतंय! माझ्या आईला, आनंदीबाईंना, जिनं तीन नणंदांची लग्नं लावली, चार बाळंतपणं केली, तिला हे गाजर सांगतंय की तू माणूस नाहीस!

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो, तर आमची तनुजा पोहे ढवळत होती, वळूनसुद्धा न बघता म्हणते, "अहो, एवढं काय त्यात? खेळच आहे ना!"

खेळच आहे ना! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं हे वाक्य ऐकतोय मी. वडील म्हणायचे, मास्तर म्हणायचे, आता बायको म्हणते. अहो, मी गेम खेळत मोठा झालोय! टीव्हीला लावायचं खोकं होतं तेव्हापासून! कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. झालं काम! हेच कस्टमर केअर, हाच टेक्निकल सपोर्ट, आणि कुणी म्हणत नव्हतं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग नव्व्याण्णव साली हिंजवडीतली आमची जमीन गेली आयटी पार्कला, भावकीत ज्याच्या त्याच्या दारात जीप उभी राहिली, मी मात्र वडिलांच्या मागे लागून कॉम्प्युटर आणला आणि सीडीवरचे खेळ. आणि ते खेळ पुरे असायचे हो! पुरे! सुरुवात, मध्य, शेवट, शेवटचा राक्षस, सगळं एका सीडीत!

आणि आता? दुकानातून खोका आणा. आत काय? कागदाचा कपटा, त्यावर आकडे. ते आकडे घाला, मग नव्वद जीबी उतरवा, उतरलं? आता अपडेट उतरवा! अरे, खेळ आज बाजारात आलाय आणि आजच दुरुस्तीला? मी स्वतः टेस्टर आहे, अठरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरतोय, आमच्या कंपनीतून असं अर्धकच्चं काही बाहेर गेलं तर... म्हणजे जातं, पण ते सोडा. हिरोला टोपी हवी? वेगळे पैसे. शेवटचा राक्षस हवा? तो सीझन पासमध्ये! जेवायला बोलवायचं आणि आमटीला वेगळं तिकीट लावायचं? आणि एवढं करून तो खेळ आपला नसतोच. ते नियम वाचलेत कधी? मी वाचलेत! एकशे बारा पानं! जगात मी आणि तो लिहिणारा वकील, दोघंच वाचलेले. आपण फक्त वापरायचं. मालक ते. मनात येईल तेव्हा काढून घेणार, आणि आपण तक्रार केली की... खेळच आहे ना!

पण मी आईचं सांगत होतो. पाच वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे पलंगावर. जन्मात कधी सहा मिनिटं बसलेली नाही ती बाई, घरातल्या प्रत्येकाच्या पाठीमागे लागली. मी म्हटलं, हिला गेम द्यावा. आधी माझा आवडता दिला, बंदुकीचा. दोन मिनिटं बघितला आणि म्हणाली, "त्या मानसानं काय केलंय तुझं? कशापायी मारतुयास?" आता काय सांगणार? मी म्हटलं, आई, तो शत्रू आहे. म्हणाली, "कुणी सांगितलं?" तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता हो. ठेवून दिला तो गेम. मग दिला शेतीचा, लकी एकर नावाचा. रंगीत, गोंडस, कोंबड्या नाचताहेत... मला तसले गेम बघवत नाहीत, पण आई रमली.

आणि रमली म्हणजे कशी! सगळे लोक त्या गेममध्ये काय करतात? पवनचक्क्या लावतात, गुलाबी घोडे घेतात, कारंजी उभारतात. आईनं काहीच घेतलं नाही. ऐंशी टक्के सूट, बंद. मोफत चक्र फिरवा, बंद. जादूचं खत घ्या, पीक दहा सेकंदांत... म्हणाली, "धा सेकंदांत आलेलं कोन खाणार?" बंद! ती आपली पहाटे पाचला उठायची आणि पाणी धरायची. आधी विहिरीकडची पट्टी, मग वरचा तुकडा, मग खालची पट्टी. रोज तोच क्रम. आणि मधली एक पट्टी रिकामी. मी म्हटलं, आई, इथे पण काहीतरी पेर, पॉइंट मिळतील. म्हणाली, "जिमिनीला इसावा नको व्हय?" अहो, गेममधल्या जमिनीला! आणि एके दिवशी तिनं कोपऱ्यात एक झाड लावलं, त्या गेममध्ये चिंच नाही म्हणून दुसरंच कुठलंसं लावलं, आणि मी मागून बघत होतो आणि मला एकदम कळलं. हे आमचं शेत आहे. गेलेलं. जसंच्या तसं. नव्व्याण्णव सालानंतर आईनं त्या जमिनीचं नाव काढलं नव्हतं, आम्हाला वाटायचं विसरली. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. सांगायला लाज कसली? रडलो.

आणि आता त्या गाजराच्या खाली कारणं दिलेली. कारण एक, खाते रोज त्याच वेळी उघडते. कारण दोन, रोज त्याच क्रमाने काम होते. कारण तीन, पाच वर्षांत एकही खरेदी नाही. कारण चार, एकही पीक वाया गेलेले नाही. निष्कर्ष... यंत्र! म्हणजे माणूस कोण? जो उशिरा उठतो, धांदरटपणा करतो, पीक वाळवतो आणि मग जादूचं खत विकत घेतो, तो माणूस!

हे मी आईला कसं सांगणार होतो? जमेल तेवढं मराठी करून सांगितलं. आईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एकदम शांतपणे विचारलं, "परत नोटीस आली व्हय?"

परत!

मग म्हणाली, "मुदत किती दिसांची? तलाठ्याकडं जायाचं का?" आता बोला! खेळच आहे ना, म्हणे!

तलाठी नाही, म्हणून मी सपोर्टला लिहिलं. एखादा बग कसा लिहावा तसं, क्रमवार, स्क्रीनशॉट लावून, आईचं आधार कार्डसुद्धा जोडलं. उत्तर आलं, "नमस्कार, मी केव्हिन! तुमची निराशा मला पूर्णपणे समजते!" काय समजतं तुला, केव्हिन? मी लिहिलं, माझी आई माणूस आहे. केव्हिन म्हणतो, "तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार!" हा अभिप्राय आहे? मी लिहिलं, माणसाशी बोलायचंय. "आम्ही तुमचे तिकीट आनंदाने बंद करत आहोत!" आनंदाने! नऊ दिवसांत सात तिकिटं आनंदाने बंद! ऑफिसात मॅनेजरला म्हटलं, अर्धा दिवस सुट्टी द्या, तर अनिरुद्ध, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणतो, "बट विक्रम, इट्स जस्ट अ गेम ना यार." इंग्रजीतसुद्धा तेच!

पण मी टेस्टर आहे. मी केव्हिनच्या उत्तरांच्या वेळा मांडल्या. पहिलं उत्तर रोज सकाळी साडेनऊनंतर, आपल्या साडेनऊनंतर. एक ते दोन सामसूम. आणि अनंत चतुर्दशीला केव्हिन रजेवर! आता मला सांगा, अमेरिकेतला कुठला केव्हिन गणपती विसर्जनाला सुट्टी घेतो?

मी तडक चुलतभावाकडे, हिंदुरावाकडे गेलो. जमिनीच्या पैशातून त्यानं बस घेतल्या, आता आयटीवाल्यांची ने-आण करतो, कुठल्या इमारतीत कोण काय करतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. गेमचं नाव सांगितलं. म्हणाला, "आरं, त्यो सपोर्ट व्हय? आपल्या विहिरीकडच्या पट्टीवर हाय की! चवथा मजला. समद्या पोरी माझ्याच बसनं येत्यात." मी म्हटलं, कुठल्या पट्टीवर? "आपल्या रं! ती काचेची बिल्डिंग न्हाई का? पर तू एवढा कशापायी तापलायस, ख्योळच हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. चौदापैकी अकरावा दिवस. आई नेसून आली ठेवणीतलं लुगडं, जमिनीच्या कामासाठी कचेरीत जाताना नेसायची ते. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणतो, "अपॉइंटमेंट आहे का?" मी म्हटलं, केव्हिनला भेटायचंय. वीस मिनिटांनी केव्हिन खाली आला. केव्हिन म्हणजे पूर्वा. चोवीस वर्षांची, लोणी काळभोरची, गळ्यात ओळखपत्र, घाबरलेली. मी नऊ दिवसांचा राग जिभेवर घेऊन उभा होतो हो, काय काय बोलणार होतो, पण आई पुढं झाली आणि म्हणाली, "जेवलीस का गं?"

झालं! पूर्वा रडकुंडीला. "काकू, सॉरी, खरंच सॉरी, मला पहिल्याच मेलला कळलं होतं, आमचे आजोबापण असेच आहेत. पण माझ्याकडे फक्त तीन बटणं आहेत, आभार, सहानुभूती आणि बंद. निर्णय सिस्टिम घेते." आई तिचं ऐकत नव्हतीच. ती लॉबीच्या फरशीकडे बघत होती. म्हणाली, "हितं हीर होती. खाली पानी लागतंय का गं?" पूर्वा म्हणते, "हो काकू, बेसमेंटला वर्षभर पंप चालू असतो, कुणाला कळतच नाही पाणी येतं कुठून!" आई म्हणाली, "यायचंच. बारमाही हाय ती." आणि हसली, गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा.

मग पूर्वानं हळूच सांगितलं, एक वाट आहे. अपील केलं की सात दिवसांसाठी शेत उघडतं आणि सिस्टिम नजर ठेवते. "सर, काकूंना सांगा, थोडं चुकायचं. एखादं पीक वाळू द्यायचं, एखादा दिवस चुकवायचा. सिस्टिमला चुका दिसल्या की तिला माणूस दिसतो."

घरी येऊन हे आईला सांगितलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शेत विकायला काढलंय. "जानूनबुजून पीक वाळवू? मानूस हाय म्हनून दाखवाया? तुझं डोकं ठिकानावर हाय का?" मी म्हटलं, आई, नाहीतर शेत पुसतील. म्हणाली, "पुसू देत. माझ्या हातनं व्हायचं न्हाई." आणि तोंड फिरवून बसली, आणि तिचे हात मांडीवर नुसते पडलेले, अकरा दिवस रिकामे. मला बघवेना. मी म्हटलं, आण इकडं तो टॅब. मी चुकतो तुझ्या वतीनं.

पण मलाही अभिमान आहे हो! तीस वर्षांचा गेमर! मी ठरवलं, पहिले दोन दिवस एकदम नीट खेळायचं, आईला दाखवायचं की आपल्यालाही शेती जमते, आणि मग तिसऱ्या दिवसापासून हिशेबानं चुकायचं. अपील केलं, शेत उघडलं, पहाटे पाचचा गजर लावला. आई शेजारी. पाणी सोडलं. "आरं, आधी विहिरीकडचं!" सोडलं. "ती पेरू नगंस, ती इसाव्याची!" पेरून झाली होती. कोंबड्या बाहेर गेल्या, त्यांना आणायला गेलो तर टोमॅटो वाळले, टोमॅटोकडं धावलो तर माझ्या हातून तीन गुलाबी घोडे विकत घेतले गेले! मी जीव तोडून नीट खेळत होतो, तुम्हाला शपथेवर सांगतो, एकही चूक मुद्दाम केली नाही, आणि बरोबर बाविसाव्या मिनिटाला स्क्रीनवर ते गाजर आलं, हसत, टाळ्या वाजवत... अभिनंदन! सात दिवसांची गरज नाही! आपण माणूस असल्याची आमची पूर्ण खात्री पटली आहे!

आता शेत परत मिळालंय, पण सिस्टिम दर आठवड्याला पुन्हा तपासते, म्हणून दर सोमवारी पहाटे आई टॅब माझ्या हातात देते आणि म्हणते, "बस बाबा, कर तुझं अर्धा तास. मग मी निस्तरते."