एवढ्या मोठ्या समुद्रात धडकतंय कसं?

हसा, खुशाल हसा! तुमाला काय जातंय? पण तुमाला सांगतो, ह्या एका प्रश्नानं मी पार बेजार झालोय... सुट्टीवर आलो, चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलो, पेटी अजून डोक्यावरच, तर चहावाला इचारतोय, 'भुजंगराव, तुमी म्हणं जहाजं धडकू नयेत म्हणून समुद्रात बसता?' म्हणलं, हाव. 'पण एवढ्या मोठ्या समुद्रात धडकतंय कसं वो?' म्हणलं, बाबा, आधी चहा दे. न्हाव्याकडं गेलो. गालाला साबण, मानंवर वस्तरा, तोंड उघडायची सोय न्हाई, आन् नेमकं तवाच न्हावी, 'खरं सांगा, एवढ्या मोठ्या समुद्रात धडकतंय कसं?' आरं, तू आधी तुझा वस्तरा धडकू देऊ नको! मारुतीच्या पारावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. मयताला गेलो होतो हो! तिथं तरी? तिरडी बांधता बांधता एकजण हळूच कानाशी... एवढ्या मोठ्या समुद्रात धडकतंय कसं!

बरं, सांगायला जावं तर ऐकून घ्यायला कुणाला सवड हाय? आता तुमी बसलातच तर ऐका. मुंबईच्या किनाऱ्यापासून लय आत, जिथं चारी अंगाला निस्तं पाणी, तिथं आमची तेलाची रिग. रिग म्हंजे काय, लोखंडाचं एक धूड, लोखंडाचेच पाय समुद्राच्या तळाला रोवलेले, आन् वर माणसं, यंत्रं, स्वयपाकघर, समदं. जोंधळ्याच्या राखणीला रानात माळा असतोय का न्हाई, तसा माळा समजा, फक्त जोंधळ्याच्या जागी पाणी आन् पाण्याच्या खाली तेल. त्या तेलासाठी विहीर पाडायचं काम चालू. आन् तेल म्हंजे खेळ न्हाई, संगं गॅस असतोय, एक ठिणगी पडली की कारभार आटोपला. आता ह्या धुडाच्या अंगावर जहाज आलं तर हे बाजूला सरकणार हाय का? म्हणून कायदा, भवतीच्या पाचशे मीटरात परक्या जहाजानं पाऊल टाकायचं न्हाई. आन् ते टाकू नये म्हणून रेडिओच्या खोलीत, रडारपुढं बसलेला मी. पडद्यावर ठिपका दिसला की त्याच्यावर नजर ठेवायची... कुठं चाललाय, कसा चाललाय, आपल्याकडं यायलाय का... आन् यायला लागला की रेडिओवर वरडायचं, 'ओ दादा, इकडं कुठं!' विंग्रजीत वरडायचं, पण मतलब तोच. एवढीच नोकरी. पण जिम्मा केवढा!

गावानं ह्याचा अर्थ काय काढला, माहिताय? 'भुजंग समुद्रातला जागल्या हाय. लोकं पाखरं हाकतेत, हे जहाजं हाकतंय.' ऐका! परभणीला शिकलो, मुंबईला परीक्षा दिल्या, हेल्मेट घातलं, आन् शेवटी जागल्या!

तर झालं काय, माझी सोयरीक आली. राणीसावरगावचे व्यंकटराव, मोठं खटलं, चांगली काळी जमीन, घरची जीप. त्यांची पोरगी सुमंगला. मी आधीच बघून आलो होतो. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मला ती पोरगी लय आवडली होती. चहाचा कप देताना सगळ्यांसमोर मला म्हणाली, 'रात्री समुद्र दिसतोय का, का निस्ता आवाजच येतोय?' तुमाला सांगतो, आख्ख्या परभणी जिल्ह्यात धडकायच्या पल्याडचं इचारणारी ही पहिली! मी तिथंच मनातनं होकार देऊन मोकळा. आता राह्यलं काय होतं? तिच्या बापानं आमचं घर बघायचं आन् हो म्हणायचं, एवढंच.

घर बघायचा दिवस ठरला आन् नेमका त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद. यष्ट्या बंद. मला वाटलं पावने काय येत न्हाईत. पण व्यंकटराव म्हंजे व्यंकटराव, स्वतः जीप हाकीत, बायकोला संगं घेऊन हजर! माझी माय, बायनाबाई, तिनं पहाटंपासून पुरणाचा घाट घातलेला. बाप न्हाई मला, म्हणून बोलणी करायला चुलता, लिंबाजीकाका. आन् काका कुठं? रानात! कडब्याची गाडी भरायला गेलेला. 'हा आत्ता आलो' म्हणून सकाळी गेलेला माणूस! म्हंजे बोलणी करायला कोण? मीच. आपल्याच लग्नाचं आपणच बोलायचं... हाय का न्हाई पंचाईत?

जेवणं झाली, पान झालं. पार्वतीमामी, म्हंजे व्यंकटरावाच्या मंडळी, पदर सावरून इचारतेत, 'जावाई... आपलं, भुजंगराव, तिथं धोका न्हाई ना काही?' मी खुशीत! म्हणलं मामी, बिलकुल काळजी करू नका, आमाला प्रत्येकाला एक लाईफ जॅकेट हाय, पाण्यात पडलं तरी माणूस बुडत न्हाई. 'आगं माय, पडतेत का?' न्हाई हो, पडत न्हाईत, पण पडलं तर. शिवाय लाईफबोटी हायेत, वरून बंद, आगीतून गेल्या तरी... 'आगीतून?' न्हाई म्हंजे, आग लागली तर. दर आठवड्याला भोंगा वाजतोय, समदे पळत बोटीपाशी जातेत, मग डोकी मोजतेत... 'डोकी मोजतेत! कामून, कमी भरतेत का?' काय सांगू तुमाला, जितकं सांगावं तितकं त्या माउलीचं तोंड उतरायलं. मी एकेक सोय सांगायलो आन् तिला एकेक मरण दिसायलं! शेवटी मायनं मागून असा चिमटा काढला, आन् कानाशी लागून, 'गुमान बस. धोका न्हाई म्हण.'

म्हणलं, धोका न्हाई. काहीच न्हाई. मामी, समुद्र केवढा मोठा! कोण मरायला येतंय तिकडं? दिवसभर आमी निस्तं बसून असतो. मामींचा जीव भांड्यात पडला. आन् तेवढ्यात व्यंकटराव सरसावले. इतका वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरायले होते, ते थांबले. 'मग पगार कशाचा घेता?' म्हणलं, आँ? 'न्हाई, कुणी येतच न्हाई म्हणता, तर तुमाला बसवलंय कशाला? आज न उद्या सायबाच्या ध्यानात येईल, का हा गडी रिकामा हाय. देईल घरी पाठवून. मग माझ्या पोरीनं काय करायचं?' आता ह्याला काय म्हणावं? बाईला पटवलं तर बाप्या जातोय, बाप्याला पटवावं तर बाई जाती! म्हणलं मामा, आमी बसतो म्हणून तर काही होत न्हाई. 'आन् न्हाई बसलं तर?' तर धडकल की! व्यंकटरावानं सुपारी तोंडात टाकली, माझ्याकडं एकदा बघितलं, आन् सांगा, काय इचारलं असंल? ...बराबर! 'एवढ्या मोठ्या समुद्रात धडकतंय कसं?'

मग मात्र माझं टाळकं सरकलं. माय चिमट्यावर चिमटे काढायली, पण मी सोडतोय का! म्हणलं मामा, ऐका. दिवाळीच्या सुमाराला, भर दुपारी, लख्ख ऊन, पडद्यावर एक ठिपका. सरळ आमच्या रोखानं. मालाचं जहाज, एवढं थोरलं, आपलं गाव आख्खं बसंल त्यात. रेडिओवर हाक मारली. कप्तान म्हणतोय, 'येस येस, ओके ओके.' वळायलाय का? न्हाई! परत हाक. 'ओके ओके, थँक्यू.' आरं थँक्यू काय, वळ की मेल्या! आमची एक राखणीची बोट असती, ती गेली आडवी, भोंगा वाजवीत... जहाज आपलं यायलंय, यायलंय, नवरदेवावानी तोऱ्यात. मग इकडं आमचा भोंगा. विहिरीचं काम थांबवलं, तिचं तोंड बंद केलं, समदे जॅकेटं घालून बोटीपाशी. मी एकटा रेडिओवर, घसा फाटलेला, शेवटी विंग्रजी संपली आन् मी मराठीत सुरू झालो, जे तोंडाला आलं ते... आन् काय चमत्कार, जहाज वळलं! इतक्या जवळून गेलं की त्याच्या कठड्यावर वाळत घातलेली लुंगी मला दिसली. आन् रेडिओवर कप्तान काय म्हणतोय? 'सॉरी, मला वाटलं तुमीच बाजूला होताल!' आमी? बाजूला? तळाला पाय रोवलेलं धूड बाजूला होणार? पण मामा, हे असं धडकतंय. जागा कमी पडती म्हणून न्हाई, समोरचा सरकंल म्हणून धडकतंय!

व्यंकटराव हसले. 'गोष्ट चांगली हाय,' म्हणाले. गोष्ट! 'पण भुजंगराव, आमी बी दुनिया बघितलीय. एवढं मोकळं पाणी, भर उजेड, आन् डोळे असणारा माणूस सरळ जाऊन धडकल? मनाला पटत न्हाई. बरं, इचार करून कळवतो.' आता कळवतो म्हंजे काय, हे मी तुमाला सांगायला पाहिजे का? पावने उठले. मायचं तोंड एवढंसं झालं. आन् त्या पोरीला रात्रीचा समुद्र कसा असतोय ते सांगायचं आता राहूनच जाणार... खरं सांगतो, मी मारुतीला म्हणलं, देवा, आजवर धडकू नये म्हणून बसलो, आज एकदाच, एकदाच कुठंतरी काहीतरी धडकू दे आन् ह्या माणसाला पटू दे!

आन् देवानं ऐकलं हो!

आमच्या घरापासून डांबरी सडकंपर्यंत माळ हाय. माळ म्हंजे साफ माळ, झाड न्हाई, झुडूप न्हाई, कुठूनबी गाडी हाका, कुणी अडवीत न्हाई. मी पावन्यांना वाटंला लावायला कडंला उभा. जीप निघाली. आन् समोरून... समोरून कडब्याची गाडी! वर, पार वर, माळवदावर बसल्यावानी लिंबाजीकाका, सोयरीक हुकती म्हणून बैलं पळवीत यायलेला. मला तर दोन ठिपकेच दिसायले. डोळे चोळले तरी ठिपकेच! सवय हो ती. एक इकडून सरळ, एक तिकडून सरळ, मधी एकच गाडीवाट, आन् दोन्ही अंगाला आख्खा माळ मोकळा. मी वरडलो, 'मामा, डावीकडं घ्या!' व्यंकटराव जीपमधून हात हलवतेत, येतो येतो म्हणून. ओके ओके! मी खांद्यावरची लाल दस्ती फिरवीत पळत सुटलो, 'काका, बैलं वळवा!' काकाला वाटलं मी बोलवायलो, त्यानं बैलं अजून जोरात पळवली. जीप म्हणती, मी पावना, मी वाट सोडावी? गाडी म्हणती, माझं गाव, माझा माळ, मी सोडावी? मी मधी बोंबलायलो... विंग्रजी, मराठी, पाखरं हाकायची हाळी, काही काही शिल्लक ठेवलं न्हाई...

धाड!

बैलं शहाणी, तेवढी ऐन वक्ताला वळली. जीपचं नाक गाडीच्या चाकाला लागलं, गाडी कलली, आन् समदा कडबा, पेंढ्याच्या पेंढ्या, जीपवर. जीप दिसंना! निस्ता ढीग आन् आतून हॉर्न... पोंऽऽऽ! मी जाऊन उपसायलो. आन् पहिल्यांदा काय केलं असंल? सवयीनं डोकी मोजली. काका हाय, वरून घसरून बुडावर बसलाय. व्यंकटराव निघाले, बोडकेच, मिशीत कडब्याचा पाला. मामी निघाल्या, ठेचकाळत, पण धडधाकट. कुणाला खरचटलं सुद्धा न्हाई. आन् मग काका आन् व्यंकटराव एकमेकांकडं बोट करून एकदमच, एका सुरात... 'मला वाटलं हा बाजूला होईल!'

तुमाला सांगतो, मला रडावं का नाचावं कळंना. मी व्यंकटरावाच्या पुढं जाऊन कमरंवर हात ठेवला आन् म्हणलं, मामा, आता सांगा. केवढा हाय माळ? ते माळाकडं बघायले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायले. मग कडब्यातून टोपी हुडकून काढली, झटकली, डोक्यावर ठेवली, माझ्या खांद्यावर हात टाकला, आन् भरल्या आवाजात म्हणाले, 'भुजंगराव, माफ करा. तुमी खरं बोलत होता. धडकतंय.'

काय सांगू तुमाला! आजवर एका तरी माणसानं कबूल केलं! मी पाया पडायला वाकलो. आता आशीर्वाद, मग तिथी, मग वाजंत्री... वाकलेलाच होतो, तर वरून आवाज, 'आन् म्हणूनच पोरगी देता येत न्हाई. भर उजेडात, मोकळ्या माळावर, सोयऱ्या-सोयऱ्याच्या गाड्या धडकल्या, ते बी तुमी एवढं बोंबलत असताना! तिथं तर परकी जहाजं. न्हाई बाबा. लय धोक्याचं काम.' आन् मामी मागून पदराचा पाला झटकीत, 'मला तर ते जॅकेट ऐकलं तवाच कळलं होतं.'

आता बोला! धोका न्हाई म्हणलं तर नोकरी जाती, धोका हाय म्हणलं तर नवरी जाती, माणसानं म्हणावं तरी काय? बरं, एवढ्यावर तरी थांबावं का न्हाई? जीप चालू झाली. व्यंकटराव बसले, आन् माळाकडं असे भेदरून बघायले... तिकडून अजून कुणाकुणाच्या कडब्याच्या गाड्या यायल्या होत्या. मुंडकं बाहेर काढून मला म्हणतेत, 'भुजंगराव, राग मानू नका, पण सडकंपर्यंत तेवढं जरा पुढं चाला हो. तुमचं कामच हाय ते.' काय करता? गेलो. दस्ती हलवीत मी पुढं, मागं हळूहळू जीप... गाडीवाल्यांना म्हणलं थांबा, तर थांबले, डावीकडं घ्या म्हणलं, तर घेतली, जन्मात पहिल्यांदाच माझं समद्यांनी ऐकलं हो! आन् तुमाला सांगतो, कुठं उलीसं खरचटू दिलं न्हाई... माझी सोयरीक मीच सुखरूप गावाभाईर काढून दिली.